सेतुरावांचा अंगठा

माझं सर्टिफिकेट सेतुरावांनी उघडूनसुद्धा पाहिलं नाही. टेबलाच्या कडेला सारलं आणि म्हणाले, "हात दाखवा पाहूं, बाई."

मी मनात म्हटलं, झालं! एवढा मोठा सर्जन म्हणून गावभर नाव, आणि हा माणूस हात बघून नोकऱ्या देतो. पण गरज माझी होती, म्हणून उजवा हात पुढे केला. त्यांनी रेषांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकेक बोट वाकवलं, सरळ केलं, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि विचारलं, "या हातानें काय काय करितां?"

"सगळंच करते की."

"सगळें म्हणजे काय? पुसलें तें नीट सांगा."

"पाणी शेंदते, कपडे पिळते, पोळ्या लाटते. आणि नवऱ्याचा राग आला की भांडी आपटते."

सेतुराव हसले. हसले म्हणजे काय, पोट धरून हसले. बुटका, गोल, गोरापान माणूस, कपाळावर काळा अंगारा, पांढरं धोतर, वर अर्ध्या बाह्यांचा शर्ट. हसताना सगळाच्या सगळा हलायचा. "शरि," म्हणाले, "उद्यांपासोन या." शरि म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. माझी नोकरी पक्की झाली ती अशी.

मी मूळची मिरजेकडची. नर्सचं शिक्षण घेऊन नुकती कुठं कामाला लागले होते, तेवढ्यात रेल्वेतल्या नवऱ्याची बदली थेट कुंभकोणमला झाली. मी डोळे पुसतच गाडीत बसले होते. तिथं माझ्याशी मराठीत कोण बोलणार? आणि बोलायला भेटले ते हे. तीन-साडेतीनशे वर्षांमागं यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राज्यात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. पण मराठी तरी कसलं! आजोबांच्या कपाटातले जुने कागद बोलायला लागावेत तसलं. 'करितों', 'पुसतों', 'मजला ठाऊक नाहीं'. पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही. मग एकदा त्यांच्या बायकोनं, कावेरीबाईंनी, मला कॉफी देता देता ऐकवलं, "तुमचें मराठी फार धांवतें हो. थोडें थांबत थांबत बोलाल तर आम्हांस कळेल." मग मी हसायचं बंद केलं, आणि त्यांच्याकडूनच हळूहळू तमिळही शिकले.

महामहम तळ्याच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं छोटं हॉस्पिटल होतं. पुढं ओसरी, मग तपासायची खोली, मागं ऑपरेशनची खोली आणि चार-सहा खाटा. पोटाची, हर्नियाची, मोडतोडीची, सगळी ऑपरेशनं ते करायचे. पण जीव होता तो हातांवर. आसपासच्या गावातलं कुणाचंही बोट दुखलं तरी लोक म्हणायचे, सेतु डॉक्टरकडे जा. त्यातही अंगठा. तुम्हाला खोटं वाटेल, पण अंगठ्यावर प्रेम करणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला.

अंगठा अडकतो, हे तुम्ही ऐकलं असेल. वाकवला की वाकलेलाच राहतो, आणि जोर लावला की टक् करून सुटतो. बंदुकीच्या घोड्यावरून त्याला इंग्रजीत ट्रिगर थंब म्हणतात. पण खेड्यातल्या बाईला बंदूक काय सांगणार? सेतुराव परकराची नाडी सांगायचे. "नाडीला गाठ पडली तर ती नेफ्याच्या तोंडाशी अडकते की नाही? तुझ्या अंगठ्यात तशीच दोरी आहे, आणि तसाच नेफा. मी नेफ्याचं तोंड थोडं उसवणार, बस." असं तमिळमध्ये सांगितलं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या आणि आपण होऊन हात पुढे करायच्या.

पण उसवायच्या आधी प्रश्न. बाप रे, ते प्रश्न! काम काय करता? कुठल्या हातानं? सकाळी जास्त अडकतो की संध्याकाळी? कधी मार बसला? कधी काटाबिटा गेला होता? ताप येतो? दुसरी बोटं? पेशंट कंटाळून म्हणायचा, "डॉक्टर, अंगठा दुखतोय, अंगठा बघा ना." त्यावर ते म्हणायचे, "अंगठा बोलत नाही ना रे, म्हणून तुला विचारतो." ओसरीवर रांग लागलेली असायची आणि आत यांची चौकशी चाललेली. मी दारातून डोळे वटारायची. ते माझ्याकडे बघायचेच नाहीत.

हाताखाली नटराजन नावाचा तरुण डॉक्टर होता. काटकुळा, हुशार, घाबरट. एकदा तो सहज बोलून गेला, "सर, उद्या एकच केस आहे, अंगठ्याची. मायनर." सेतुरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "मायनर? कोणाला मायनर? ज्याचा अंगठा आहे त्याला जाऊन विचार, मायनर आहे का म्हणून." त्या दिवशी दुपारपर्यंत ते त्याच्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र त्याला घरी जेवायला घेऊन गेले आणि हातावर शाईनं नसा काढून दाखवत बसले. अंगठ्यापाशी स्पर्शाची नस कशी कातडीच्या अगदी खाली, आडवी येते, आणि चाकूचं टोक जरा कुठं भलतीकडे गेलं की ती कशी कापली जाते, ते तो आमटीभात खाता खाता शिकला. कावेरीबाई म्हणाल्या, "जेवूं द्या हो लेंकराला." पण यांना कुठलं ऐकू येतंय!

तिरुभुवनमचा एक विणकर आला होता, मुरुगेसन. रेशमी साड्या विणायचा. त्याचा अंगठा एकदा दुसरीकडे कुठंतरी कापून झाला होता, तरी अडकतच होता. माणूस पार खचलेला. बायको म्हणाली, हे मागावर बसतात आणि रडतात. नटराजन म्हणाला, नीट उसवलं गेलं नसेल, पुन्हा उसवू. दुसऱ्या दिवशी सकाळी सेतुरावांनी झटका, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यासारखी घोडागाडी, मागवली, मला आणि नटराजनला आत कोंबलं आणि तिरुभुवनमला नेलं. मागासमोर जमिनीवर मांडी घालून बसले. "विण," म्हणाले. मुरुगेसन विणतोय, अंगठा अडकतोय, तो डाव्या हातानं सोडवतोय, पुन्हा विणतोय, आणि हे आपले त्याच्या हाताकडे टक लावून बसलेत. शेवटी उठून त्याचा हात धरला आणि नटराजनला म्हणाले, "इथं दाब. नेफ्याच्या तोंडाशी नाही, खाली. काय लागतं?" नटराजन म्हणाला, "काहीतरी मऊ आहे, सर." "मग 'पुन्हा उसवू' कशाला म्हणालास?"

ऑपरेशनमध्ये दोरीच्या खालून घेवड्याच्या दाण्याएवढी चरबीची गाठ निघाली. शेकड्यात एखाद्याला असं असतं, असं ते म्हणाले. जागा बधिर करायचे, पेशंट जागा असायचा, आणि टाके घालण्याआधी त्यांचा नियम ठरलेला: अंगठा स्वतः वाकवून दाखवायचा. मुरुगेसननं वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला, आणि टेबलावरच हुंदके द्यायला लागला. "रडू नको रे, वाकव! वाकव!" सेतुराव ओरडत होते, आणि ओरडता ओरडता स्वतःचंच नाक ओढत होते. मी कापसाचा बोळा घेऊन पुढे झाले. सर्जनचं नाक पुसायचं कामही शेवटी नर्सलाच करावं लागतं.

चाकू हातात असून तो न चालवणं मात्र मी त्यांच्याकडे पाहिलं तेवढं कुणाकडे पाहिलं नाही. तिरुक्करुगावूरची एक बाई दीड वर्षाची मुलगी घेऊन आली. त्या गावची देवी गर्भ राखणारी. बायका मूल व्हावं म्हणून तिथलं तूप प्रसाद म्हणून नेतात. या बाईलाही देवीच्याच कृपेनं मुलगी झालेली, पण पाळणा वाहायचा नवस राहून गेलेला. आणि आता पोरीचा अंगठा वाकलेला, सरळ होईना. सासू म्हणाली, देवी कोपली. कुणा हाडवैद्यानं तो ओढून सरळ करायचा प्रयत्न केलेला, पोर कुणालाही हाताला हात लावू देईना. आई आल्या आल्या पायाच पडली, "कापा, डॉक्टर, पण आजच्या आज सरळ करा."

सेतुरावांनी पोरीला मांडीवर घेतलं, खडीसाखरेचा खडा दिला आणि ती तो कसा धरते ते बघत बसले. मग आईला म्हणाले, "पाळणा वाहायचा तर खुशाल वाहा, तो तुझा आणि देवीचा प्रश्न. अंगठ्याचा प्रश्न माझा. मुलांचे पुष्कळदा आपोआप सुटतात. थांबायचं. पण कुणी ओढला तर मी तुझ्या घरी येऊन त्याचा अंगठा ओढीन." ती बाई नाराज होऊन गेली. मलाही पटलं नव्हतं, आईची तगमग बघवत नव्हती हो. बऱ्याच महिन्यांनी ती परत आली, हातात केळीचा घड, आणि पोर दोन्ही अंगठे नाचवतेय. आई म्हणाली, पाळणा वाहिला आणि देवीनं सोडवला. सेतुराव म्हणाले, "बघ, माझं काम वाचवलं देवीनं. मी तिचा आभारी आहे." आणि खरंच हात जोडले. थट्टा नव्हती त्यात.

असा हा माणूस. आणि एक दिवस त्यांचाच अंगठा अडकला.

मला कळलं ते हर्नियाच्या ऑपरेशनला. रक्तवाहिनी धरायचा चिमटा कात्रीसारखा असतो, त्याच्या कडीत अंगठा घालून तो सोडवावा लागतो. सेतुरावांनी चिमटा लावला, आणि सोडवायच्या वेळी हात तिथंच थांबला. मला वाटलं विचार करताहेत. मग कपाळावर घाम दिसला. अंगठा कडीत वाकलेला, सरळ होत नव्हता. मी पुढे वाकून, घाम पुसल्याचं नाटक करत, चिमटा सोडवून दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नटराजनच्या लक्षात आलं नाही. हात धुताना मी म्हटलं, "कधीपासून?" तर म्हणे, "चार महिने झाले असतील. सकाळीं अधिक." आणि वर, "कावेरीस सांगूं नका."

आता बोला! दुनियेला प्रश्न विचारणारा माणूस चार महिने स्वतःचा अंगठा धोतराच्या घोळात लपवून फिरत होता.

कारणही त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. त्यांच्या मंडळींचा विठोबाचा मठ होता, तिथं एकादशीला भजन व्हायचं, आणि सेतुराव तरुणपणापासून चिपळ्या वाजवायचे. अंगठ्यात कडी घालून लाकडी चिपळ्या तासन्‌तास. "चिपळ्यांचीच कडी ती," म्हणाले, "मुळाशी दाबली जाते, नेफा जाड होतो. विणकरांचें होतें तेंच माझें." आणि चिपळ्या सोडल्या. ज्या माणसाला मी लहान मुलासारखी एकादशीची वाट बघताना पाहिलं होतं, तो भजनात हात बांधून बसायला लागला. मंडळींना वाटलं, घरात काही सुतक आहे की काय. चिपळ्या सोडून महिने गेले, अंगठा आपला होता तिथंच. मग गरम पाण्याचे शेक, मग पट्टी बांधून ठेवणं. एक्स-रे काढला, त्यात काही नाही. दिवसेंदिवस ऑपरेशनं पुढं ढकलली जायला लागली. एकदा ओसरीवर कुणी नसताना मला म्हणाले, "बाई, हा हात गेला तर मी काय करूं? मजला दुसरें कांहींच येत नाहीं." मला गलबलून आलं. मी म्हटलं, "दुसऱ्यांना काय सांगता तुम्ही? नेफा उसवायचा." ते म्हणाले, "होय. उसवायचा."

कावेरीबाईंना शेवटी कळलंच. त्यांनी मद्रासच्या मोठ्या सर्जनांची नावं काढली, मुलीला बोलावून घेतलं, रडून झालं. सेतुराव ऐकेनात. "नटराजन करील," म्हणाले. नटराजन पांढराफटक. त्यानं अंगठे केले होते, पण शेजारी सेतुराव उभे असायचे. आता ते टेबलावर असणार. "सर, माझ्याच्यानं नाही होणार," तो म्हणाला. तेव्हा सेतुराव म्हणाले, "मी इतकी वर्षं तुला शिकवलं. मीच तुला हात दिला नाही, तर गावातलं दुसरं कोण देईल?"

सकाळची वेळ. कावेरीबाई बाहेर ओसरीवर विठ्ठल विठ्ठल करत बसलेल्या. मी हात स्वच्छ केला, नटराजननं बधिर करायचं इंजेक्शन दिलं. तो दर मिनिटाला विचारतोय, "सर, दुखतंय का? सर, ठीक आहे ना?" शेवटी सेतुराव म्हणाले, "आज मी सर नाही, पेशंट आहे. पेशंटशी गप्पा मार. तुझ्या लग्नाचं कुठंवर आलं ते सांग." नटराजन हसला आणि त्याचा हात स्थिरावला. छान कापलं त्यानं, खरंच सांगते. नेफ्याचं तोंड उसवलं, दोरी पांढरी, गुळगुळीत दिसायला लागली. "वाकवा, सर."

सेतुरावांनी वाकवला. टक्.

पुन्हा वाकवला. टक्. अडकला.

"सूज असेल, सर," नटराजन म्हणाला. "टाके घालू? हळूहळू सुटेल."

"तिरुभुवनम विसरलास?" सेतुराव म्हणाले. "खाली बघ. बाजूला बघ."

नटराजन बघत होता, मी दिवा वाकडा करून धरला होता. चीर लहान होती, आत नीट दिसत नव्हतं. मग त्याला बाजूला, दोरीच्या आवरणाला चिकटून काहीतरी तपकिरी दिसलं. त्यानं सेतुरावांकडे बघितलं. ते म्हणाले, "थांबू नको. जा." तो आत गेला, चिमट्यानं चाचपलं, थोडं कापलं, आणि बाहेर काढलं ते काय? काटा. भोवती घट्ट, जाड मांस वाढलेला, काळा पडलेला, एवढासा काटा.

सेतुराव मान वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "केवडा!"

त्यांच्या मुलीच्या सीमंताच्या वेळी, म्हणजे आपलं डोहाळेजेवण, तिच्या वेणीत गुंफायला केवडा हवा होता. केवड्याच्या पानांच्या कडांना काटे असतात. नोकर-चाकर असताना बापानं हौसेनं स्वतः पानं सोलली, अंगठ्याच्या मुळाशी काटा गेला, यानं उपटून फेकला आणि वेणी बघायला धावला. टोक आत राहिलं. काट्याचं काही एक्स-रेत दिसत नाही. हात दाखवायला आलेल्या प्रत्येकाला ज्यानं 'काटाबिटा गेला होता का' म्हणून विचारलं, त्यानं स्वतःला तेवढं विचारलं नव्हतं. विठोबाच्या चिपळ्यांवर मात्र आळ घेऊन मोकळा झाला होता.

"आता वाकवा," नटराजन म्हणाला. अंगठा लोण्यासारखा वाकला. एकदा, दोनदा, दहादा. नटराजन हसत होता आणि रडतही होता. मी ओसरीवर जाऊन सांगितलं तेव्हा कावेरीबाईंनी माझ्या गळ्यात हात टाकले. टाके निघाले त्या दिवशी नटराजननं हॉस्पिटलभर म्हैसूरपाक वाटला. भेटेल त्याला सांगायचा, "सरांचा अंगठा मी केला."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी उपकरणं उकळत होते. सेतुराव आत आले, काही विचारायचं होतं त्यांना, आणि बोलता बोलता उजवा हात त्यांनी उकळत्या भांड्याच्या कडेवर टेकला. मी ओरडले, "अहो, भाजेल!" त्यांनी हात उचलून बघितलं. अंगठ्याची बाहेरची बाजू लाल झाली होती, फोड यायला लागला होता. त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याची एक रेघही उमटली नव्हती.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"त्याच दिवसापासोन. आधीं वाटलें, इंजेक्शन उतरेल."

काटा काढताना नस कापली गेली होती. अंगठा वाकत होता, पण त्या बाजूनं त्याला काही कळत नव्हतं. टाक्याचा धागा चिमटीत आहे की निसटला, हे सर्जनला बघून कळत नाही, बोटांना कळावं लागतं. म्हणजे सगळं संपलंच होतं. मला संताप आला, नटराजनचा. म्हटलं, "सांगितलंत का त्याला?"

"नाहीं. तुम्हींही सांगणार नाहीं."

"का म्हणून? कळू दे की त्याला!"

"बाई, चूक त्याची नव्हे. कांटा आहे हें मजला ठाऊक असतें तर चीर मोठी घ्यावयास सांगितलें असतें, नस आधीं बाजूस केली असती. मी मजलाच पुसलें नाहीं. तो आंधळ्यासारखा आंत गेला, कारण मी जा म्हटलें." मग म्हणाले, "पहिलेंच त्याचें एकट्याचें. सांगितलें तर यापुढें हात हातीं घेईल तेव्हां प्रत्येक वेळीं तो माझा अंगठा पाहील. मग कापील कसा? आणि मी नाहीं, तोही नाहीं, तर या लोकांनीं जावें कोठें?"

मी रडले. हो, सरळ रडले, उपकरणं बाजूला ठेवून. ते माझ्या पाठीवर थोपटत होते, त्या भाजलेल्या हातानं.

पण ऑपरेशनं का बंद केली, याला गावाला काहीतरी कारण हवं. सेतुरावांनी डोळे पुढं केले. एक दिवस ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, "नटराजन, मला बारीक दिसत नाही आता. तू कर. मी पेशंटशी बोलतो." आणि पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसले. तेव्हापासून ती त्यांची जागा झाली. खरं म्हणजे त्यांची नजर घारीची होती, ओसरीवरून रस्त्यापलीकडच्या मुलाच्या हातावरची खरूज त्यांना दिसायची. तरी कुठूनसा जाड काचांचा चष्मा आणून नाकावर चढवला. नटराजन हळहळायचा, "सर, नेमका अंगठा बरा झाला आणि डोळे गेले."

गावानं तर कमाल केली. सेतु डॉक्टरची नजर अधू झाली कळल्यावर पापनाशम्‌पासून लोक पोन्नांगण्णी नावाची पालेभाजी घेऊन यायला लागले. तिकडे ती डोळ्यांना चांगली म्हणतात. मुरुगेसननं तर जुड्याच्या जुड्या आणून दिल्या. कावेरीबाई भक्तिभावानं रोज करायच्या. सेतुराव रोज खायचे, भाताबरोबर, आमटीत, ताकात. मी एकदा जेवायला होते तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्हींही घ्या. दृष्टि चांगली राहते." मी वाढून घेतली. हसावं की रडावं!

नटराजनचा हात मात्र बघण्यासारखा झाला. तोही पेशंटला विचारायला लागला, काम काय करता, काटाबिटा गेला होता का. त्याच्या चिरा पूर्वीपेक्षा मोठ्या असायच्या, नस आधी शोधून बाजूला करायचा. सेतुरावांनी त्याला तेवढं बरोबर शिकवलं होतं, कारण न सांगता.

मग आमची बदली आली, परत मिरजेकडे. स्टेशनवर दोघं पोचवायला आले होते. नवऱ्यानं सामान चढवलं, मी खिडकीत बसले. पूल ओलांडून ते दोघं येताना मला दिसले. नटराजननं सेतुरावांचं कोपर धरलं होतं. "पायरी आहे, सर. अजून एक. हां, आता सपाट." आणि सेतुराव प्रत्येक पायरीवर पाय चाचपत, जपून टाकत येत होते.

खिडकीपाशी आले. कावेरीबाईंनी दिलेला डबा त्यांनी माझ्या हातात दिला. मला खूप बोलायचं होतं, पण नटराजन शेजारीच उभा. तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून मी त्या दिवशी सरांचा अंगठा करू शकलो. बघा, अजून कसा आहे. सर, दाखवा ना." सेतुरावांनी हात वर केला आणि अंगठा वाकवून, सरळ करून दाखवला. "फर्स्ट क्लास," म्हणाले. नटराजनचा चेहरा उजळला. मी म्हटलं, "छान केलात, डॉक्टर." सेतुराव माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "सुखरूप जा, बाई."

गाडी हलली. मी खिडकीतून हात बाहेर काढला. ते दोघं लांब लांब होत गेले. सेतुरावांचं तोंड सरळ माझ्याकडे होतं, मी कुठल्या डब्यात, कुठल्या खिडकीत आहे ते त्यांना लख्ख दिसत होतं. तरी ते तसेच उभे राहिले. नटराजननं त्यांच्या कानाशी वाकून बोटानं माझी खिडकी दाखवली, आणि मगच त्यांनी हात हलवला.